जहाजांची आगोट

कोकणच्या किनाऱ्यावर समुद्र वर्षातले चार महिने बंद असतो, ही गोष्ट वाफेच्या जहाजांपूर्वी इतकी गृहीत होती, की ती कुणा नाखव्याला समजावून सांगावी लागत नसे. नैर्ऋत्येचा वारा उठण्याच्या आधी गलबते, मचवे आणि पडाव खाड्यांच्या आत शिरत, भरतीच्या रेषेच्या वर ओढले जात, झावळ्यांनी शाकारले जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्याला शिवत नसत. पावसाच्या तोंडावरच्या या लगबगीच्या दिवसांना ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी वस्त्यांत आगोट म्हणतात. घरात मीठ-मिरची, सुकी मासळी आणि सरपण भरायचे ते याच दिवसांत आणि होडी किनाऱ्यावर घ्यायची तीही याच दिवसांत. त्यामुळे माणसाची बेगमी आणि नौकेची निगा या दोन गोष्टी एकाच पंचांगावर चालत. आजच्या मालवाहू जहाजांच्या तपासणीचा विचार करताना या पंचांगापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण ते पंचांग हरवले तेव्हापासूनच जहाजाची तपासणी हा कायद्याचा, कागदाचा आणि परक्या माणसाचा विषय होत गेला.

बदलापूर हे आज लोकल गाडीचे गाव आहे आणि समुद्राशी त्याचा काही संबंध असावा असे तिथल्या फलाटावर उभे राहून वाटत नाही. परंतु या गावाच्या कडेने वाहणारी उल्हास नदी बोरघाटाच्या डोंगरांतून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करत कल्याणपाशी भरतीच्या पाण्याला भेटते आणि पुढे वसईच्या खाडीने समुद्रात उतरते. त्या संगमावरचे कल्याण हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही नोंदलेले बंदर. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर याच खाडीत मराठ्यांची पहिली लढाऊ जहाजे बांधायला काढली आणि १६५९ च्या सुमारास त्या कामावर रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याचा मुलगा होते, अशी माहिती पोर्तुगीज कागदपत्रांतून मिळते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना काम सोडून पळून यायला लावले, हा पुढचा भाग इतिहासकारांना अधिक रंजक वाटतो. इथे एवढेच ध्यानात घ्यायचे, की बदलापूरवरून जाणारे पाणी पुढे ज्या खाडीला मिळते, ती एकेकाळी जहाजे जन्माला घालणारी आणि पावसाळ्यात त्यांना आसरा देणारी खाडी होती.

बंदीच्या या काळातच नौकेची खरी निगा घेतली जाई. उष्ण समुद्रातल्या लाकडी नौकेला दोन शत्रू असतात. एक शिंपल्यांच्याच जातीचा पण अळीसारखा लांबट जीव, जो फळीला बाहेरून सुईच्या टोकाएवढे भोक पाडून आतून तिची चाळण करतो. दुसरा म्हणजे बुडाला चिकटून वाढणारे शेवाळ आणि टणक कवचाचे जीव, ज्यांच्यामुळे नौका जड होते आणि वारा असूनही सरकत नाही. यावर उपाय असा, की नौका कोरड्यावर घेऊन बूड खरवडायचे, पेंढा पेटवून त्याची धग द्यायची, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासायची आणि शेवटी चुना व तेल यांचा लेप चढवायचा. ही कृती जितकी महत्त्वाची, तितकीच ती कुठे चाले हेही महत्त्वाचे आहे. नौकेचे बूड गावासमोर उघडे पडलेले असे. कुजकी फळी शेजाऱ्याला दिसत असे, खिळ्याभोवतीचा काळा डाग सुताराच्या नजरेतून सुटत नसे आणि ज्या नाखव्याने लेप देण्यात कंजुषी केली त्याची चर्चा आश्विनात नोकरीला खलाशी शोधताना त्याला ऐकावी लागत असे. तपासनीस म्हणून कुणी नेमलेला नव्हता. चार महिने रिकामे असलेले सगळे गाव ते काम करत होते.

राज्यसत्तेनेही हा चौमासा आपल्या हिशेबात धरला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातल्या आरमाराच्या प्रकरणात पावसाळ्यापूर्वी दहा-पंधरा दिवस आधीच आरमार सुरक्षित बंदरात आणून छावणीस ठेवावे आणि दर वर्षी तेच बंदर निवडू नये, असा उपदेश आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीला लागून गिर्ये येथे असलेली मराठ्यांची गोदी याच दृष्टीची साक्ष देते, कारण भरतीबरोबर जहाज आत घ्यावे आणि पाणी उतरल्यावर त्याच्या अंगाखाली जाऊन काम करावे, अशा उपयोगाची ती जागा आहे. मुंबईत इंग्रजांच्या चाकरीत आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १७५० साली सुकी गोदी तयार झाली. सुकी गोदी म्हणजे दरवाजा असलेला दगडी हौद, ज्यात जहाज तरंगत येते, दरवाजा बंद होतो, पाणी उपसले जाते आणि जहाज ठोकळ्यांवर बसते. भरती-ओहोटीवर आणि ऋतूवर अवलंबून असलेले काम या हौदाने वर्षभर शक्य केले. वाडियांच्या कारागिरांनी मलबारी सागातून बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे १८१७ चे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. त्याचे श्रेय लोक सागाला देतात. दोनशे वर्षे त्याच्या फळ्यांची उस्तवार करत आलेल्या हातांना ते फारसे कुणी देत नाही.

लोखंड आणि वाफ आल्यावर चौमासा संपला. १८५६ साली कल्याणच्या पुढे बदलापूरमार्गे घाटाच्या पायथ्याकडे रेल्वे गेली, १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, आणि जहाजाने वाऱ्याची वाट पाहायची हा प्रकार व्यापाराला परवडेनासा झाला. पोलादी जहाज आषाढातही अरबी समुद्रात शिरते. नव्हे, त्याला शिरावेच लागते, कारण उभ्या जहाजाचे भाडे कुणी देत नाही. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या बंदरात कंटेनर जहाज धक्क्याला लागते ते आठवडाभर विसावण्यासाठी नव्हे. एका बाजूने क्रेन डबे उतरवत असतानाच दुसऱ्या ठिकाणी चढवत असतात आणि बहुधा दिवस-दीड दिवसात ते पुन्हा समुद्रात असते. चालू यंत्रणेची डागडुजी म्हणजे काय, हे बदलापूरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. रविवारी मेगाब्लॉक घेतला जातो, गाड्या उशिरा धावतात, प्रवासी चरफडतात, पण निदान काही तास रूळ मोकळे मिळतात आणि गँगमनला त्यावर वाकता येते. जहाजाला असा ब्लॉकही मिळत नाही. ज्या इंजिनाची दुरुस्ती करायची तेच इंजिन जहाज ढकलत असते, ज्या डेकवरचा गंज काढायचा त्याच डेकवर लाट येत असते, आणि दुरुस्ती करणारी माणसे ज्या वस्तूची दुरुस्ती करायची तिच्याच पोटात राहत, जेवत आणि झोपत असतात.

म्हणून निसर्गाने देणे थांबवलेली आगोट कायद्याला नव्याने निर्माण करावी लागली. तिची सुरुवात परोपकारातून झाली नाही. लंडनमध्ये एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जमणाऱ्या विमेदारांना कोणत्या जहाजावर पैसा लावावा हे समजत नव्हते, म्हणून १७६० साली त्यांनी एकत्र येऊन जहाजांची यादी करायला घेतली. त्या यादीत जहाजाच्या अंगाला स्वरांची अक्षरे होती, पहिले अक्षर उत्तम आणि शेवटचे वाईट. दोर-नांगरादी सामग्रीला चांगली, मध्यम आणि वाईट असे शेरे होते. यातूनच वर्गीकरण संस्था नावाचा प्रकार जन्माला आला. जहाज कोणत्या नियमांनी बांधावे आणि ते त्या प्रतीचे राहिले आहे की नाही हे पाहणारी ही त्रयस्थ संस्था असते. भारतात ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही अशी संस्था १९७५ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय मुंबईत पवईला आहे. तिच्या जोडीला ज्या देशाचा झेंडा जहाजावर असतो त्या देशाचे प्रशासन असते. भारतीय झेंड्याच्या जहाजांसाठी हे काम १९४९ मध्ये स्थापन झालेले नौवहन महासंचालनालय पाहते, आणि तेही मुंबईतच आहे. ‘टायटॅनिक’च्या अपघातानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आज चालतो तो त्याच मालिकेतला १९७४ चा करार.

या करारांनी घालून दिलेले वेळापत्रक पाच वर्षांचे आहे. दर वर्षी एक तपासणी, मधल्या काळात एक सविस्तर तपासणी आणि पाचव्या वर्षी नूतनीकरणाची संपूर्ण तपासणी, अशी त्याची रचना असते. पाच वर्षांत जहाजाचे बूड किमान दोनदा बाहेरून पाहिले गेले पाहिजे आणि दोन पाहण्यांमध्ये छत्तीस महिन्यांपेक्षा अधिक अंतर पडता कामा नये. वार्षिक तपासणीला ठरलेल्या तारखेच्या आधी तीन महिने आणि नंतर तीन महिने अशी मुभा असते. मोठ्या प्रमाणावर सुटा माल, म्हणजे कोळसा, लोहखनिज किंवा धान्य, वाहणारी जहाजे १९९० च्या आसपास एकामागून एक बुडाली तेव्हा त्यांच्यासाठी आणि तेलवाहू जहाजांसाठी १९९३ मध्ये अधिक कडक तपासणीचा कार्यक्रम आखण्यात आला. त्यात सर्व्हेअरने लांबून बॅटरी न मारता हात पोहोचेल इतक्या जवळून पोलाद पाहावे आणि ध्वनिलहरींच्या उपकरणाने पत्र्याची उरलेली जाडी मोजावी, ही अपेक्षा स्पष्ट केली आहे. ‘हात पोहोचेल इतक्या जवळून’ ही अट नियमपुस्तकात घालावी लागली, यावरून आधीची पाहणी कशी होत असावी याची कल्पना येते.

तरीही पाच वर्षांत सर्व्हेअर जहाजावर जितके दिवस असतो ते बोटांवर मोजण्याइतके असतात आणि उरलेले सगळे दिवस जहाज खलाशांच्या हाती असते. भारतीय खलाशांच्या जुन्या बोलीत या माणसांना स्वतःची नावे होती. डेकवरच्या टोळीचा मुकादम तो सारंग, त्याचा दुय्यम तो टंडेल, सुकाणूवरचा सुखाणी, कोठी सांभाळणारा कसब, इंजिनात वंगण देणारा तेलवाला. रत्नागिरीच्या खाड्यांतून निघालेल्या कित्येक पिढ्यांनी परदेशी कंपन्यांच्या आगबोटी याच पदांवर राहून चालवल्या. आता बोसन आणि फिटर हे शब्द रूढ झाले आहेत, पण काम फारसे बदललेले नाही. सकाळी बोसन चार माणसांना डेकच्या एका पट्ट्यावर बसवतो, ती हातोडीने किंवा यंत्राने गंजाचे पोपडे उडवतात, तारेच्या ब्रशने पोलाद उघडे करतात, गोड्या पाण्याने मीठ धुतात, कारण रंगाखाली मीठ राहिले तर नवा रंगही काही आठवड्यांत फुगतो, आणि मग अस्तराचे हात चढवतात. पट्टा पुरा होऊन जहाजाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाला तांबूस डाग दिसू लागलेले असतात. या कामाला अंत नाही आणि ते करणाऱ्यांना ते ठाऊक असते. दोनशे मीटर लांबीच्या जहाजावर सगळी मिळून वीस-पंचवीस माणसे असतात, त्यातली बरीचशी पाळीवर किंवा इंजिनात असतात, तेव्हा गंजाशी लढायला उरणारे हात किती याचा हिशेब सहज होतो.

इंजिनाच्या खोलीतले पंचांग दिवसांवर न चालता तासांवर चालते. मुख्य इंजिन, वीज देणारी जनित्रे, इंधनातला गाळ वेगळा करणारी यंत्रे, पंप, या प्रत्येकाचे चाललेले तास नोंदले जातात आणि ठरलेले तास भरले की ते यंत्र उघडून त्याचे भाग मोजायचे, झीज लिहायची, गरज असेल ते बदलायचे, असा नियम असतो. काही चाचण्या मात्र वाराने ठरलेल्या आहेत आणि त्या इतक्या साध्या वाटतात, की त्यांचे मोल पटायला संकटच यावे लागते. जीवनौकेचे इंजिन दर आठवड्याला किमान तीन मिनिटे चालवून पाहायचे, दर तीन महिन्यांनी ती नौका माणसांसह पाण्यात उतरवून हाकायची, बंदर सोडण्यापूर्वीच्या बारा तासांत सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहायचे, आणि मुख्य वीज गेल्यावर आणीबाणीचे जनित्र पंचेचाळीस सेकंदांच्या आत आपोआप सुरू होते ना, याची खात्री करून घ्यायची. होल्डवरची पोलादी झाकणे हा आणखी एक नाजूक विषय. होल्ड म्हणजे माल भरण्याचे पोट. त्याच्या झाकणांच्या कडेला असलेली रबराची पट्टी कडक झाली, तिच्या खालची पाणी वाहून नेणारी पन्हळ कोळशाच्या चुऱ्याने तुंबली, तर झाकण वरून कितीही भक्कम दिसले तरी लाटेचे पाणी मालापर्यंत पोहोचते. ती पन्हळ साफ करण्याचे काम खलाशाच्या फडक्याचे आणि केरसुणीचे आहे. कोणतेही प्रमाणपत्र ते करू शकत नाही.

एका दोषाचे निवारण दुसऱ्या दोषाला वाट करून देते, असा अनुभव या क्षेत्रात वारंवार येतो. इंग्रज आरमाराच्या जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारलेले असत आणि ते समुद्राच्या पाण्यात झिजत. १८२४ साली हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले, की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर झीज त्या तुकड्याची होते आणि तांबे शाबूत राहते. प्रयोग तंतोतंत खरा ठरला, आणि त्यामुळेच फसला. तांबे विरघळत होते म्हणूनच त्याचे विष पाण्यातल्या जिवांना बुडापासून दूर ठेवत होते. ते विरघळायचे थांबताच बुडावर शेवाळ-शिंपल्यांचे रान माजले आणि जहाजे मंदावली. आज पोलादी बुडाला जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वड्या जोडतात त्या डेव्हीच्याच तत्त्वावर, आणि शिंपले दूर ठेवण्यासाठी निराळा रंग देतात. त्या रंगातले कथिलाचे एक संयुग इतके जहाल निघाले, की समुद्रातल्या गोगलगायींची जननक्षमता बिघडू लागली आणि २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो २००८ मध्ये अमलात आला, त्याच्यावर बंदी घालावी लागली.

गंजाचा आणखी एक गुण फारसा बोलला जात नाही. लोखंड गंजते तेव्हा ते हवेतला प्राणवायू घेते. जहाजाच्या अंगात बॅलास्टच्या टाक्या असतात; जहाज रिकामे असताना त्याला स्थैर्य यावे म्हणून त्यांत समुद्राचे पाणी भरतात, आणि माल चढला की त्या रिकाम्या करतात. खाऱ्या ओलीची ही बंद पोलादी खोली काही आठवडे तशीच राहिली तर तिच्या भिंतीच तिच्यातली हवा संपवतात. तिथे वास नसतो, धूर नसतो, धोक्याची कोणतीही खूण नसते. पत्र्याची स्थिती पाहण्यासाठी आत उतरलेला माणूस शिडीवरच कोसळतो, त्याला काढायला धावलेला दुसराही कोसळतो, आणि अशा अपघातांत मदतीला गेलेलेच अधिक मरतात हे जगभर दिसून आले आहे. म्हणून टाकी आधी वारा देऊन मोकळी करायची, आतली हवा उपकरणाने मोजायची, दारावर माणूस उभा करायचा, लेखी परवाना घ्यायचा, आणि २०१५ पासून दर दोन महिन्यांनी या प्रसंगाची कवायत करायची, असे बंधन आहे. निरीक्षण म्हणजे लांबून केलेले निर्धोक काम, ही समजूत जहाजाच्या बाबतीत टिकत नाही.

या सगळ्याची नोंद ठेवावी लागते आणि इथे एक विकृती शिरते. झेंड्याचे प्रशासन, वर्गीकरण संस्था, ज्या बंदरात जहाज येईल त्या देशाचे निरीक्षक, जहाजमालकाचा सुपरिंटेंडंट, माल पाठवणाऱ्या कंपनीने नेमलेला माणूस, असे अनेक जण एकाच जहाजावर आपापली यादी घेऊन येतात. परक्या बंदरात निरीक्षण करण्याची पद्धत ‘अमोको कॅडिझ’ हे तेलवाहू जहाज १९७८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटल्यानंतर १९८२ च्या पॅरिसच्या सामंजस्याने बसली. हिंदी महासागरातल्या देशांचे असेच सामंजस्य १९९८ मध्ये झाले आणि त्याचे सचिवालय गोव्यात आहे. यातली एकही व्यवस्था अनावश्यक नाही. पण प्रत्येकीला हवी असलेली कागदपत्रे तयार करणारा माणूस तोच एक, बंदरात रात्रभर माल उतरवून घेणारा मुख्य अधिकारी असतो. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा नियम आहे, आणि ती मिळाल्याची नोंदही करावी लागते. थकलेल्या माणसाने आपण ताजेतवाने असल्याचे लिहून दिलेले तक्ते कोणत्या बंदरात किती सापडतील, हा अंदाज वाचकानेच करावा. चुन्याचा लेप दिला की नाही, हे गावाला दिसत होते. चौकोनात केलेल्या खुणेमागे केरसुणी फिरली होती की नाही, हे खूण पाहून कळत नाही. चांगला सर्व्हेअर म्हणूनच कागदांपाशी फार रेंगाळत नाही. तो खलाशाला जीवनौकेचे इंजिन सुरू करायला सांगतो आणि त्याचा हात न चाचपडता योग्य कळीवर जातो का, ते पाहतो.

या व्यवस्थेतून काय निसटते, हे मुंबईकरांनी २०११ च्या पावसाळ्यात उघड्या डोळ्यांनी पाहिले. ११ जून रोजी ‘विस्डम’ हे अलंगला मोडीत काढण्यासाठी ओढून नेले जाणारे जहाज दोर तुटल्याने भरकटले आणि जुहूच्या वाळूत येऊन रुतले. ३१ जुलैला ‘पवित’ नावाचे छोटे तेलवाहू जहाज त्याच परिसरात किनाऱ्याला लागले. महिनाभरापूर्वी ओमानच्या बाजूला त्याच्या खलाशांनी ते सोडून दिले होते आणि तेव्हापासून ते कुणीही नसताना अरबी समुद्र ओलांडून आले होते. चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, साठ हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन दहेजकडे निघालेले ‘रॅक कॅरियर’ मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर पाणी शिरून बुडाले. त्यावरची तीसही माणसे वाचवण्यात आली, परंतु त्याचे इंधन तेल जुहूपासून अलिबागच्या बाजूपर्यंत पसरले. वृत्तपत्रांनी तेव्हा चर्चा केली ती प्रामुख्याने किनाऱ्याच्या पहाऱ्याची. एक बेवारस जहाज कुणाच्याही नजरेस न पडता जुहूपर्यंत येते हे २६/११ नंतर धक्कादायकच होते. पण तिन्ही घटना जून ते ऑगस्ट या काळातल्या आहेत, म्हणजे जुन्या नाखव्याने ज्या दिवसांत नौका पाण्यात टाकलीच नसती त्या दिवसांतल्या आहेत, याकडे फारसे लक्ष गेले नाही. आषाढातली लाट जहाजाला दोष देत नाही, आधीच असलेला दोष बाहेर काढते. चौमासा न पाळणाऱ्या जहाजाची आगोट त्याआधीच कुठेतरी पुरी झालेली असावी लागते. ती झाली नसेल, तर मग समुद्र स्वतःच सर्व्हेअर होतो.

कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यात घरे मुंबईपेक्षा आवाक्यात असल्यामुळे जहाजावर जाणारी माणसे इथेही राहायला आली आहेत. त्यांच्या घरांत हे पंचांग आणखी एका रूपात नांदते, कारण जहाजाप्रमाणे त्यावरच्या माणसाचीही मुदत असते. अधिकाऱ्याचे सक्षमतेचे प्रमाणपत्र पाच वर्षांनी नव्याने ग्राह्य करून घ्यावे लागते, म्हणजे त्याचे चक्र जहाजाच्या चक्राएवढेच आहे. वैद्यकीय दाखला त्याहून अल्पायुषी, दोन वर्षांचा; त्यात दृष्टी, रंगांची ओळख, श्रवण, रक्तदाब सगळे मोजले जाते. सहा-आठ महिन्यांचा करार संपवून माणूस घरी येतो तो पावसाळ्यात आला तर बारवी धरण भरल्याची आणि उल्हासने बदलापूरची चौपाटी ओलांडल्याची बातमी ऐकत बसतो, आणि सुट्टीचे निम्मे दिवस आग विझवण्याच्या, प्रथमोपचाराच्या उजळणी अभ्यासक्रमांत आणि कार्यालयांच्या फेऱ्यांत घालवतो. त्याच्या जहाजाला मात्र सुट्टी नसते. त्याच्या जागी दुसरा गेलेला असतो आणि अर्धवट राहिलेला डेकचा पट्टा त्याच्या हस्तांतराच्या टिपणात एका ओळीने नोंदलेला असतो. गंज कुठवर काढला एवढे ती ओळ सांगते. कुठल्या व्हॉल्व्हचा आवाज गेल्या महिन्यापासून बदलला आहे, हे सांगायला तिथे रकाना नसतो. ते धक्क्यावरच्या घाईत तोंडी सांगितले गेले तर गेले.

जहाजमालकांचा कल आता ही आगोटही लांबवण्याकडे आहे. काही वर्गीकरण संस्था आणि झेंड्यांची प्रशासने ठरावीक अटींवर नव्या जहाजांना, विशेषतः कंटेनर जहाजांना, सुक्या गोदीत न जाता साडेसात वर्षांपर्यंत चालू ठेवण्याची योजना राबवतात. मधल्या पाहण्या जहाज तरंगत असतानाच पाणबुडे किंवा पाण्याखालचे यंत्र उतरवून करतात, आणि २०२० च्या साथीनंतर काही तपासण्या सर्व्हेअर जहाजावर न जाताही, खलाशाने हातात धरलेल्या कॅमेऱ्यावर होऊ लागल्या आहेत. यात लबाडी आहे असे नाही; आधुनिक रंग खरोखरच टिकाऊ झाले आहेत आणि गोदीतले दिवस महाग आहेत. तरी कॅमेरा जिथे धरला तेवढेच दाखवतो आणि पत्र्यावर हातोडी मारल्यावर येणारा बद्द आवाज त्यातून नीट पोहोचत नाही, ही जुन्या सर्व्हेअरांची तक्रार सहज मोडीत काढण्यासारखी नाही. मुंबईत १९१४ पासून हजार फूट लांबीची ह्यूजेस सुकी गोदी आहे आणि २०१९ पासून कोचीन शिपयार्ड ती चालवते; तिथे आलेल्या जहाजाभोवती माणसाला पायी फिरता येते. पाण्याखालच्या पाहणीसाठी मात्र मुंबई बंदर गैरसोयीचे आहे, कारण इथल्या गाळाच्या पाण्यात पाणबुड्याला हातभर अंतरावरचेही धड दिसत नाही. अशा पाहणीसाठी जहाजे बहुधा फुजैरासारख्या नितळ पाण्याच्या नांगरवाड्यावर थांबतात, आणि न्हावा-शेव्याला नेमाने येणाऱ्या जहाजाचे बूड पवईतल्या वर्गीकरण संस्थेच्या एखाद्या अभियंत्याला पाहायचे झाले, तर ते आखाताच्या तोंडाशी उतरलेल्या परक्या पाणबुड्याच्या चित्रफितीवरच पाहावे लागते.